पंप गळला म्हणून डिस्ट्रिब्युटर गेला: 1993 च्या कॉर्व्हेटचं हे काम कसं करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 1993 ची शेवरले कॉर्व्हेट, एलटी-1 इंजिन. उन्हाळ्यात गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं दिसू लागलं. तुम्ही वरचेवर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) टाकून चालवत राहिलात. मग पावसाच्या दिवसांत इंजिन मिसिंग करू लागलं, म्हणजे अडखळू लागलं, आणि गेल्या आठवड्यात गाडी बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. एका गॅरेजने पाण्याचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग) दोन्ही बदलायला सांगून मोठा आकडा दिला. हे काम घरच्या गॅरेजमध्ये करता येईल का, आणि दोन्ही खरंच बदलावे लागतील का, हे तुम्हाला हवं आहे.

घरी करता येतं. दोन दिवस राखून ठेवा आणि घाई करू नका. मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं अशाच गाड्यांवर काम करतोय, आणि या इंजिनाचं हे दुखणं इतक्यांदा पाहिलंय की गाडी टो होऊन आली की पहिला हात पंपाखाली जातो.

त्या गॅरेजने तुम्हाला दोन कामं लावली असं वाटत असेल, तर तसं नाही. हा एकच बिघाड आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कुठे बसवलाय ते बघा, म्हणजे लक्षात येईल.

1991 पर्यंत कॉर्व्हेटच्या व्ही-8 इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागे, केबिनच्या भिंतीला लागून उभा असायचा. 1992 ला एलटी-1 आलं. तेच 350 घनइंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं इंजिन, पण 300 हॉर्सपॉवरचं. या इंजिनात कुलंट उलट दिशेने फिरतं, आधी हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि मग ब्लॉकमध्ये (खालच्या मुख्य भागात). हेड थंड राहिल्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता आलं. कल्पना उत्तम होती. त्याच वेळी डिस्ट्रिब्युटर पुढे आणला आणि थेट कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) नाकावर बसवला. पंपही पट्ट्यावर नाही, तो कॅमच्या गिअरवरून आटेदार दिसणाऱ्या छोट्या दातेरी शाफ्टने फिरतो. त्यामुळे पंप वर आणि डिस्ट्रिब्युटर बरोबर त्याच्या खाली अशी रचना झाली. पंपाचं सील थकलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. त्या छिद्रातून ठिबकणारा थेंब सरळ डिस्ट्रिब्युटरवर पडतो. तुमच्या गाडीत उन्हाळाभर हेच चाललं होतं.

हा डिस्ट्रिब्युटर, ज्याला सगळे ऑप्टिस्पार्क म्हणतात, साधा नाही. मी कोल्हापुरात वडिलांच्या गॅरेजमध्ये शिकलो. तिथे फियाट रस्त्यात बंद पडली तर काडेपेटीच्या खरखरीत बाजूने पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा, टोपी फडक्याने कोरडी करायची की गाडी पुढे. इथे तसं चालत नाही. ऑप्टिस्पार्कमध्ये दोन संसार एका डब्यात आहेत. मागच्या भागात पातळ पत्र्याची चकती, तिच्या कडेला 360 बारीक चिरा आणि आतल्या वर्तुळात 8 चिरा. या चिरांमधून प्रकाश जातो-अडतो आणि त्यावरून कंप्युटरला कॅम कुठे आहे ते अंशाअंशाने कळतं. पुढच्या भागात रोटर आणि टोपी, जिथे हजारो व्होल्टच्या ठिणग्या उडतात. मध्ये ओल शिरली की ठिणगी भलतीकडे उडते. ठिणगीने हवेत तयार होणारे वायू आणि ओल मिळून आम्ल होतं, आणि ते आतले धातू खात जातं. म्हणून तुमची गाडी आधी फक्त पावसात अडखळत होती. वाळली की बरी व्हायची. मग एक दिवस बरी होईना.

आता पहिलं काम म्हणजे सुटा भाग विकत घेण्याआधी खात्री करणं. हे मी ठासून सांगतो, कारण या गाडीत काहीही झालं की लोक ऑप्टिस्पार्कवर बोट ठेवतात, आणि कित्येकदा तो निर्दोष असतो. डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक कनेक्टरवरून कोड वाचा. 1993 च्या गाडीला त्यासाठी भारी स्कॅनर लागत नाही. कोड 16 म्हणजे 8 चिरांचा सिग्नल गेला. तो गेला की इंजिन चालूच शकत नाही. कोड 36 म्हणजे 360 चिरांचा. तो गेला तरी गाडी रडतखडत चालते, सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

कोड नसला तर कॉइलच्या तारेवर स्पार्क टेस्टर लावा आणि एका इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये नॉइड लाइट (इंजेक्टरला सिग्नल मिळाला की लुकलुकणारा छोटा दिवा). कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा. कॉइलवर स्पार्क जोरात आहे, पण गाडी धरत नाही, तर चकती आणि सेन्सर ठीक आहेत. दोष टोपी, रोटर किंवा प्लगच्या तारांत. इंजेक्टरचा दिवा लुकलुकतोय पण कॉइलवर स्पार्क नाही, तर इग्निशन मॉड्यूल किंवा कॉइल बघा. ती दोन्ही हेडच्या पुढच्या बाजूला एकाच पट्टीवर असतात आणि बदलायला अर्धा तास लागतो. स्पार्कही नाही आणि इंजेक्टरही गप्प, मग संशय ऑप्टिस्पार्कच्या मागच्या भागावर. तरीही त्याच्या चार तारांच्या कनेक्टरला आधी वीज आणि अर्थिंग पोचतंय का ते मीटरने तपासा. हा कनेक्टर कुलंट आणि ऑईलच्या वाटेतच आहे. माझ्याकडे एक गाडी दोन नवे डिस्ट्रिब्युटर बसवून झाल्यावर आली होती. कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी धरलेली, एक पिन कुजून गेलेली. नवा कनेक्टर जोडला आणि मालकाने काढून ठेवलेला जुना डिस्ट्रिब्युटर परत बसवला, गाडी चालू झाली.

तुमच्या बाबतीत गळती महिनोन्‌महिने होती, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर गेलेलाच असण्याची शक्यता मोठी आहे. पण तपासण्याचा हा तास वाया जात नाही.

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यात स्वस्त पूर्ण डिस्ट्रिब्युटर घेऊ नका. मूळ डिस्ट्रिब्युटरमधला प्रकाशाचा सेन्सर मित्सुबिशीचा होता आणि तो चांगला टिकतो. स्वस्तातल्या नव्या डब्यात तोच सेन्सर असेलच असं नाही. मी एकदा ग्राहकाच्या आग्रहाखातर असा एक बसवला, सहा महिन्यांत तो गेला, आणि पंपापासून सगळं परत उघडावं लागलं. इथे मजुरीच मोठी आहे, सुट्या भागात वाचवलेले पैसे मजुरीत दुप्पट जातात. तपासणीत तुमचा सेन्सर शाबूत निघाला, तर जुनाच डबा ठेवून चांगल्या प्रतीची टोपी आणि रोटर बसवणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात उत्तम मार्ग. रोटरचे दोन बारीक स्क्रू थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून बसवा. ते सैल होऊन आतच फिरल्यामुळे चक्काचूर झालेल्या टोप्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. 1995 पासून हवा खेळती ठेवणारा सुधारित डिस्ट्रिब्युटर आला, त्यात इंजिनाच्या व्हॅक्युमने ओलसर हवा ओढून घेतली जाते. पण तो कॅमच्या लांब पिनवर चालतो, तुमचा दातेरी शाफ्टवर. दोन्ही सरळ अदलाबदल होत नाहीत. मागवताना 1992 ते 94 च्या कॉर्व्हेटचाच सांगा.

बरोबर पंप, पंपाची दोन गॅस्केटं, थर्मोस्टॅट, आणि टायमिंग कव्हरची (इंजिनाच्या पुढच्या झाकणाची) तिन्ही सीलं मागवा: क्रँकचं, पंपाच्या शाफ्टचं आणि डिस्ट्रिब्युटरचं. पंपाच्या शाफ्टचं सील फाटलं तर तिथून पाणी नाही, इंजिन ऑईल ठिबकतं, आणि तेही त्याच डिस्ट्रिब्युटरवर. म्हणून जुना पंप काढण्याआधी टॉर्च लावून बघा की ओघळ हिरवा आहे की काळा. दोन्ही असतील तर आश्चर्य नको.

आता प्रत्यक्ष काम. या गाडीचं एक सुख आहे: अख्खं नाक, फेंडरसकट, पुढे उघडतं. पुढच्या टायरवर बसून इंजिन समोर घेता येतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन पूर्ण थंड असू द्या, सकाळी सुरुवात करा. गाडी जॅकवर उचलून चांगल्या घोड्यांवर ठेवा, कारण खालूनही काम आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

रेडिएटरच्या खालच्या तोटीतून कुलंट काढा. एवढ्याने ब्लॉक रिकामा होत नाही. ब्लॉकच्या कडेचा नॉक सेन्सर (इंजिनाची ठकठक ओळखणारा) थेट पाण्याच्या पोकळीत बसतो, तो काढला की उरलेलं पाणी येतं, आणि ते हळू येत नाही, आडवी धार मारतं. चष्मा घाला आणि परात आधी धरून मग शेवटचे आटे सोडा. परत बसवताना त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या सेन्सरचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. घट्टही बेताने, सुमारे 14 फूट-पौंड (टॉर्क पान्यावरचं माप). काढलेलं कुलंट झाकून ठेवा. ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांचा जीव घेतं.

मग हवेची नळी, पट्टा, रेडिएटरचे आणि हीटरचे होज, पंपावरच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर. जुने होज क्लॅम्प सोडवूनही निघत नसतील तर ओढाताण करून पंपाची किंवा रेडिएटरची नळी वाकवू नका. होज उभा चिरा आणि नवा घाला, तीस वर्षांच्या रबराचा मोह कशाला.

पंपाला सहा बोल्ट, दोन्ही बाजूंना तीन-तीन. ते काढले की पंप सरळ पुढे ओढायचा, म्हणजे दातेरी शाफ्टवरून सुटतो. इथे थांबा. कितीही पाणी काढलं तरी हेडमध्ये थोडं उरतंच, आणि पंप सुटला की दोन्ही बाजूंनी ते खाली सांडतं. डिस्ट्रिब्युटर तुम्ही ठेवणार असाल, म्हणजे फक्त टोपी-रोटर बदलणार असाल, तर आधी त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी नीट खोचून बांधा. या गाड्यांवर काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. एका 1994 च्या गाडीचा फक्त पंप बदलला, गाडी छान चालली, मालक आनंदाने घेऊन गेला. दोन आठवड्यांत पावसात ती टो होऊन परत आली. डिस्ट्रिब्युटर उघडला तर तळाशी हिरव्या डागाची रेघ होती. तो मी माझ्या पैशाने बदलून दिला, आणि तेव्हापासून पिशवी बांधल्याशिवाय पंपाच्या बोल्टला पाना लावलेला नाही.

पंप निघाला की डिस्ट्रिब्युटर समोर दिसतो, पण त्याला हात घालायच्या आधी क्रँकचा डँपर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचं, थरथर शोषणारं जड चाक) काढावा लागतो. तो हबला तीन बोल्टनी धरलेला असतो. काढण्याआधी हब आणि डँपरवर एकाच रेषेत पांढऱ्या रंगाची खूण करा. डँपरवर वजन साधण्याची रचना असते, तो फिरवून दुसऱ्या जागी बसवला तर इंजिन थरथरू लागतं, आणि मग कारण शोधण्यात आठवडा जातो.

प्लगच्या आठ तारांवर आता नंबर घाला. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे 1, 3, 5, 7, दुसऱ्या बाजूला 2, 4, 6, 8. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. पण नंबराइतकाच तारांचा मार्ग महत्त्वाचा, कारण त्या ब्रॅकेटांच्या मागून, वेड्यावाकड्या जागांतून जातात. फोनने प्रत्येक बाजूचे चार-पाच फोटो काढा. तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर याच वेळी नव्या घाला. नंतर हात पोचत नाही.

डिस्ट्रिब्युटरचे तीन बोल्ट काढून तो सरळ पुढे ओढा. मग तिन्ही सीलं. जुनं सील उचकटताना कव्हरच्या अॅल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका, आणि नवं सील शाफ्टवर चढवताना त्याची ओठासारखी कड दातांवर कापली जाते. त्यासाठी गुळगुळीत तोंडाची बाही मिळते, तीच वापरा. ओठाला बोटभर स्वच्छ ऑईल लावा. या पंधरा मिनिटांत घाई केली तर महिन्याने तिथूनच ऑईल ठिबकतं, आणि सगळं परत पहिल्यापासून.

नवा डिस्ट्रिब्युटर बसवताना एकच नियम: जोर लावायचा नाही. शाफ्टचे दाते एकाच स्थितीत जुळतात. शाफ्ट बोटांनी हळूहळू फिरवत पुढे सरकवा, जुळला की तो अलगद आत जातो आणि कव्हरला चिकटून बसतो. फट राहिली असेल तर तो जुळलेला नाही. बोल्ट आवळून ओढून बसवू नका, आतली चकती किंवा शाफ्ट तिथेच मोडतो. पूर्ण टेकल्यावर मगच बोल्ट, तेही हलके, सुमारे 9 फूट-पौंड. टायमिंग लावायची गरज नाही. या इंजिनात टायमिंग कंप्युटर ठरवतो, डिस्ट्रिब्युटर फिरवून बदलता येत नाही. कनेक्टरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल अडवणारं, वीज न वाहणारं) भरा. डँपर खुणेवर खूण लावून परत, तिन्ही बोल्ट सुमारे 60 फूट-पौंड.

पंपासाठी हेडचे चेहरे साफ करताना स्टीलची पट्टी वापरू नका, कॉर्व्हेटचे हेड अॅल्युमिनियमचे आहेत. प्लास्टिकची खरवडणी आणि धीर. गॅस्केटचे तुकडे पाण्याच्या वाटेत पडू नयेत म्हणून दोन्ही भोकांत फडकं कोंबा, आणि ते परत काढायला विसरू नका. शाफ्टवरची जोडबाही झिजली असेल तर नवी घाला. पंप बसवून सहाही बोल्ट आधी हाताने, मग आलटून-पालटून, शेवटी सुमारे 30 फूट-पौंड. बोल्ट आवळताना पंप वाकडा बसतोय असं वाटलं तर शाफ्टचे दाते जुळलेले नाहीत. सोडा आणि परत लावा.

हे सगळं झाल्यावर बहुतेक जण चावी फिरवतात. तुम्ही फिरवू नका. कुलंट भरून आधी प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत. दाब पंधरा-वीस मिनिटं टिकला पाहिजे. गॅस्केट कुठे ओली होत असेल तर ती आत्ता कळू दे, नव्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी पडल्यावर नको.

भरताना या इंजिनात हवा हमखास अडकते. हवा काढायचे दोन पितळी स्क्रू आहेत, एक थर्मोस्टॅटच्या घरावर, दुसरा थ्रॉटल बॉडीवरून जाणाऱ्या पाइपवर. हीटर पूर्ण गरम वर ठेवा. दोन्ही स्क्रू थोडे उघडून टाकीतून सावकाश कुलंट ओता, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत, मग बंद करा. थर्मोस्टॅटचा स्क्रू डिस्ट्रिब्युटरच्या बरोबर वर आहे. तो उघडण्याआधी खाली तीच प्लास्टिकची पिशवी आणि वर एक जाड फडकं. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू उघडू नका, हात भाजतो. थंड होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा हवा काढा. हवा राहिली तर हेड तापतं पण काटा ते लगेच दाखवत नाही.

पहिल्यांदा चालू करताना सेल्फ दोन-तीनदा मारावा लागला तर घाबरू नका. धरली की आयडलवर उभी ठेवा आणि पंपाच्या पोटाखाली टॉर्च मारा. मिसिंग असेल तर दहात नऊ वेळा दोन तारांची अदलाबदल झालेली असते. काढलेले फोटो बघा. पन्नास मैल चालवल्यावर कोड पुन्हा वाचा आणि कुलंटची पातळी थंड इंजिनात तपासा.

विजेचा पाण्याचा पंप लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. शर्यतीच्या गाडीला ठीक आहे. रोज चालवायच्या गाडीला मी लावत नाही, कारण त्याची मोटर बंद पडली तर आधी काहीच कळत नाही, आणि गिअरवर चालणारा हा पंप सील जाण्याआधी महिनाभर ठिबकून सांगतो. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन त्याच्या पोटाखाली बघा. ओलसर दिसला तर त्याच शनिवारी काढा.